जागेवरून उठलीस कशामुळे?

वाचकाचा प्रश्न : किनाऱ्यालगतच्या एका तालुक्यात कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीचं पत्र आहे. तिचं घर खाडीकाठच्या एका वाडीत. दहावी-बारावीचा अभ्यास तिने घराच्या माळ्यावर, काचेच्या कौलाखाली बसून केला आणि गुणही चांगले मिळवले. आता वसतिगृहाच्या एका खोलीत चौघी राहतात. एक रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलते, दुसरीला दहाच्या आत लाइट बंद हवी असते. ग्रंथालयाच्या वाचन कक्षात स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळीच वह्या-बाटल्या ठेवून खुर्च्या अडवतात. कँटीनमध्ये गोंगाट, झाडाखाली बसावं तर येणारे-जाणारे बघत राहतात, आणि पावसाळ्यात तेही नाही. पहिल्या वर्षी ती संख्याशास्त्रात नापास झाली, फेरपरीक्षा तोंडावर आहे. बाकीच्या विषयांचं कसंबसं निभतं. ती लिहिते, "सगळ्यांना आपापली जागा सापडलीय, मलाच नाही. स्टॅट्स उघडलं की दहा मिनिटांत वाटतं, इथे नको, दुसरीकडे बसू." मैत्रिणीबरोबर बाहेर भाड्याची खोली घ्यावी का आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या बाबांकडे त्यासाठी पैसे कसे मागावेत, असे तिचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर :

खोलीचं शेवटी बघू. आधी तुझंच वाक्य तुला परत वाचून दाखवते. "स्टॅट्स उघडलं की दहा मिनिटांत वाटतं, इथे नको." जागा वाईट असती तर ती सगळ्याच विषयांना वाईट असती. त्याच खुर्चीवर बसून तू मृदाशास्त्र वाचतेस, कीटकशास्त्राच्या नोट्स उतरवतेस, आणि त्या वेळी शेजारच्याच्या पेनाची टकटक तुला ऐकू येत नाही. स्टॅट्सचं पुस्तक उघडलं की मात्र पंख्याची घरघरसुद्धा ऐकू येते. म्हणजे तुझ्या गाऱ्हाण्याचा काही भाग जागेचा आहे आणि काही भाग विषयाचा. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे तू जागा बदलत राहिलीस आणि विषय तिथेच राहिला.

जागेचा प्रश्न खोटा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. "मन असेल तर कुठेही अभ्यास होतो" हे वाक्य बहुधा स्वतःची खोली असलेली माणसं बोलतात. चौघींच्या खोलीत, गादीवर पाय दुमडून, मांडीवर वही घेऊन गणितं सोडवायची म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. वसतिगृहातली मुलं कशी येतात, कुठे बसतात आणि कधी उठून जातात, हे बघणं हा कामाचा भाग नसूनही होत राहिलं.

दोन आठवडे एक काम कर. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आख : कुठे बसले, काय करत होते, किती झालं, आणि का उठले. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे "मन लागलं नाही" असं लिहायचं नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. भूक लागली, बाथरूम लांब होतं, फोन वाजला, डास चावले, उजेड गेला, गणित अडलं, कुणीतरी बोलावलं, असं नेमकं लिहायचं. दोन आठवड्यांनी तो रकाना वरून खाली वाचलास की तुझा प्रश्न जागेचा किती आणि गणिताचा किती, ते तुलाच दिसेल. डास आणि गणित यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत.

आता माळ्याबद्दल. तिथे शांतता होती म्हणून अभ्यास झाला, असं तू धरून चालली आहेस. खरंच शांतता होती का? कोकणातल्या कौलारू घराच्या माळ्यावर मी बसलेली आहे. पावसाचा कौलांवर ताशा वाजत असतो, खाली कुणी खोबरं किसत असतं, गोठ्यात गुरं हंबरतात, उंदीर तर आपल्याच घरात असल्यासारखे वावरतात. तरी तुझा अभ्यास झाला. आवाज होते, पण त्यातला एकही तुझ्याशी बोलत नव्हता. मानसशास्त्रात यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. एकसुरी आवाजाने, म्हणजे पंखा, पाऊस, लांबची रहदारी यांनी, लक्षात ठेवण्याच्या कामात फारसा अडथळा येत नाही. कानावर पडणारं बोलणं मात्र नको असतानाही डोक्यात शिरतं. म्हणून वसतिगृहात पत्र्यावर धो धो पाऊस पडत असताना तू वाचू शकतेस आणि मैत्रीण हलक्या आवाजात "जेवलास का?" विचारत असेल तर एक ओळ पुढे सरकत नाही. तुला निःशब्द जागा हवी आहे, निःस्तब्ध नको. अशा जागा आवारात बऱ्याच सापडतात. पंपघराच्या अंगाचा व्हरांडा मुलं टाळतात, का तर आवाज येतो. बसून बघ.

माळ्यावर आणखी एक गोष्ट होती : ठरलेली वेळ. संध्याकाळी दिवेलागणीनंतर तू वर जायचीस हे घरात सगळ्यांना माहीत असणार आणि त्या वेळेत कुणी हाक मारत नसणार. ती सोय जागेने दिली नव्हती, घरच्यांनी दिली होती.

"माझी एकच जागा" हा हट्टही जरा सैल कर. अमेरिकेत स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बियॉर्क या तिघांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शब्दांची यादी दोन वेळा पाठ करायला दिली. काहींनी दोन्ही वेळा एकाच खोलीत केली, काहींनी दोन वेगळ्या खोल्यांत. परीक्षा घेतली ती तिसऱ्याच खोलीत. दोन खोल्यांत पाठ केलेल्यांना जास्त शब्द आठवले. एका प्रयोगावर आयुष्य बेतू नये, हे खरं. जागा आणि स्मरण यांच्या नात्यावर १९७५ साली पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर केलेला एक फार गाजलेला प्रयोग आहे, तो २०२१ मध्ये पुन्हा केला तेव्हा आधीसारखा निकाल आला नाही. पण तुझी परीक्षा माळ्यावर होणार नाही, एवढं तर नक्की आहे ना? ती होणार पन्नास-साठ जणांच्या हॉलमध्ये, डुगडुगत्या बाकावर, पर्यवेक्षकांच्या चपलांचा आवाज ऐकत. निदान जुन्या प्रश्नपत्रिका तरी घड्याळ लावून, माणसांत बसून सोडव.

मग बसायचं कुठे? कामाप्रमाणे.

नवं काही पहिल्यांदा वाचताना, आणि तुमची पुस्तकं इंग्रजीत असल्यामुळे ते सावकाश वाचावं लागत असणार, टेबल-खुर्ची आणि निःशब्द कोपरा हवा. ग्रंथालय त्यासाठीच. पाठांतराला मात्र ग्रंथालय अगदी वाईट, कारण तिथे तोंड उघडता येत नाही. शास्त्रीय नावं पाठ करायची तर चालत कर आणि मोठ्याने कर. पावसाळ्यात तुमच्या आवारातलं निम्मं तणशास्त्र रस्त्याच्या कडेला उगवलेलं असतं. टाकळ्यापाशी उभी राहा आणि म्हण, सेना टोरा. लहानपणापासून त्याची भाजी खाल्ली असशील, आता नावानिशी ओळख होईल. पुढे हरळी, सायनोडॉन डॅक्टिलॉन. लव्हाळा, सायपरस रोटंडस. लाजाळू, मिमोसा प्युडिका. कुंपणाशी कोकमाचं झाड असेल तर गार्सिनिया इंडिका. वसतिगृहापासून वर्गापर्यंतच्या वाटेवर बारा-पंधरा नावं सहज होतात आणि ती वाट दिवसातून दोनदा चालायचीच असते.

समजलेलं पक्कं करायचं तर पुस्तक मिटून स्वतःला मराठीत समजावून सांग, मोठ्याने. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की तेच ते पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवडाभराने जास्त लक्षात राहतं. यासाठी वसतिगृहाची गच्ची, जिन्याचा वरचा टप्पा, रिकामा व्हरांडा काहीही चालेल. तिथे टेबल लागत नाही, फक्त वेड्यात काढणारं कुणी जवळ नको.

खुर्च्या अडवण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण ही तक्रार मला दर वर्षी दहा पत्रांतून येते. सकाळी बाटली ठेवून नाश्त्याला, मग आंघोळीला, मग "जरा पडतो" म्हणून खोलीवर जाणारी मुलं सगळीकडे आहेत. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांच्यावरही घरचं दडपण आहे आणि भांडण झालं तर तुझाच दिवस जाईल. ग्रंथपालांकडे चार-पाच जणी मिळून लेखी अर्ज घेऊन जा आणि एकच मागणी कर : अर्ध्या तासाहून जास्त रिकामी राहिलेली खुर्ची दुसऱ्याला बसायला मिळावी, सामान काउंटरवर जमा व्हावं. अनेक ठिकाणी असा नियम असतो, फक्त भिंतीवर लावलेला नसतो. तो लावा म्हणावं. तोंडी तक्रारीवर ग्रंथपालाला काही करता येत नाही. कागद असला की त्याला समितीपुढे ठेवायला काहीतरी मिळतं. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला पहिला म्हणजे ग्रंथ वापरण्यासाठी आहेत. खुर्च्यांनाही तो लागू करायला हरकत नसावी.

तोवर वाचन कक्षाचा नाद सोड. ग्रंथालय म्हणजे फक्त वाचन कक्ष, हा समज बहुतेक विद्यार्थ्यांचा असतो. संदर्भ विभागात, जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांशेजारी आणि प्रबंधांच्या कपाटांमागे एखाद-दुसरं टेबल असतंच. प्रबंधांकडे तर फक्त प्रबंध लिहिणारे फिरकतात. काळी पाठ, सोनेरी अक्षरं, वर धूळ आणि दुपारभर एखादा पदव्युत्तर विद्यार्थी. तिथे बसू का, असं विचारलं तर "नाही" म्हणणारा ग्रंथपाल मी तरी पाहिला नाही. आणखी एक. बऱ्याच कॉलेजांत पुस्तकं ड्यूई दशांश पद्धतीने लावलेली असतात. त्यात शेती ६३० ला, पिकांवरचे रोग-कीड ६३२ ला, शेतपिकं ६३३ ला, फळबाग ६३४ ला. तुझ्या नावडत्या विषयाचा आकडा ५१९.५. त्या कपाटाजवळची जागा धर. नेमलेलं पुस्तक कळलं नाही तर हात लांब करून दुसरं घेता येतं, आणि संख्याशास्त्रावर सोपं लिहिणारेही लोक आहेत. वेळेचं म्हणशील तर जेवणाच्या सुट्टीत आणि दुपारच्या प्रॅक्टिकलच्या वेळी वाचन कक्ष बराच रिकामा होतो. तुझं वेळापत्रक बघून त्यातली कुठली वेळ तुझी आहे ते शोध.

संध्याकाळी रिकामे वर्ग असतात. त्यांची किल्ली कागदोपत्री विभागप्रमुखांकडे आणि खरी शिपाईमामांकडे. विभागप्रमुखांची परवानगी घे, पण मामांना आधी भेट. कधी कुलूप लावायचं, पंखे-दिवे कोण बंद करणार, खिडक्या कोण लावणार, एवढं बोलून घे आणि ते न चुकता पाळ. एकदा पंखा रात्रभर चालू राहिला की ती सोय तुमच्यासाठी आणि पुढच्या तुकडीसाठीही बंद होते. एकटीने बसू नकोस, दोघी-तिघी बसा.

मुलींच्या बाबतीत जागेचा विचार करताना जे कुणी लिहीत नाही, ते लिहिते. स्वच्छ, उघडं आणि आतून कडी लागणारं बाथरूम किती अंतरावर आहे? मुली बाहेर बसायचं म्हणून पाणी पीत नाहीत, मग दुपारी डोकं दुखतं आणि वाटतं, अभ्यासात मन लागत नाही. परतीच्या वाटेवर दिवे आहेत का? गेट किती वाजता बंद होतं? या तिन्हींची उत्तरं नीट नसतील तर जागा कितीही निवांत असली तरी ती तुझी नव्हे. मुलांच्या वसतिगृहाचं गेट उशिरा बंद होतं आणि मुलींचं लवकर, हे मला अन्यायाचं वाटतं. पण तो बदलेपर्यंत एक मार्ग आहे : मेस. रात्रीचं जेवण आटोपलं की तिथे लांब टेबलं, भरपूर उजेड आणि पंखे असतात, आणि तुमच्याच गेटच्या आत. रेक्टर मॅडमना लेखी विचारा की साडेनऊ ते साडेअकरा मेसचा हॉल अभ्यासिका म्हणून उघडा ठेवता येईल का, टेबलं पुसून घ्यायची जबाबदारी आमची. परीक्षेच्या महिन्यापुरती परवानगी मागितली तर मिळणं सोपं जातं, आणि एकदा मिळाली की मग ती चालू ठेवता येते.

खोलीतल्या तिघींशी बोललीस का? पत्रात त्या काय करतात ते आहे, तू त्यांना काय सांगितलंस ते नाही. इथे मला बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेची आठवण होते. लहानपणी काही काळ ते दापोलीच्या कॅम्पात होते, पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आलं. खोली लहान, माणसं फार. भीमराव लवकर झोपायचे आणि रात्री दोनला वडील त्यांना उठवायचे, मग पहाटेपर्यंत दिव्यापाशी अभ्यास. दिवसा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे, तिथेच केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली. ही गोष्ट सांगून आजच्या मुलांना लाजवायची पद्धत मला आवडत नाही, आणि रात्री दोनला उठ असंही मी तुला म्हणत नाही. मला त्यात त्यांचे वडील रामजीबाबा दिसतात. जागा मिळत नव्हती म्हणून त्या घराने वेळ वाटून घेतली. तसंच चौघींनी बसून एक तह करा. फोनवर बोलायचं ते व्हरांड्यात. दहानंतर मोठी लाइट बंद, ज्यांना वाचायचं त्यांनी क्लिपचा छोटा दिवा लावायचा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी खोली फक्त अभ्यासाची, आणि त्या बदल्यात एका संध्याकाळी गाणी लावा, नाचा, काही करा. फोनवर बोलणारीला चौघींसमोर सुनावू नकोस, आधी एकटीला गाठून सांग. बहुतेकदा तिला आपला आवाज किती जातो याची कल्पनाच नसते.

झाडाखालच्या अभ्यासाचं आकर्षण मी समजू शकते. कोकणातलं आवार दिसायलाच असं असतं की पुस्तक घेऊन बाहेर बसावंसं वाटतं. ऑक्टोबर सरत आला की फेब्रुवारीपर्यंत सकाळी नऊ-दहापर्यंत जरूर बस. पण डोळे उघडे ठेवून. माडाखाली कधीही बसायचं नाही, हे मी खाडीकाठच्या मुलीला सांगायला नको. आंब्याच्या आणि काजूच्या खोडावर ओंबील, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, आहेत का ते बघूनच टेकायचं. मोहराच्या दिवसांत बागेत तुडतुड्यांसाठी फवारणी चालते, त्या बाजूला त्या दिवशी फिरकू नये. तुम्ही कृषीचे विद्यार्थी, कधी फवारलं हे विचारण्याइतकी ओळख मजुरांशी ठेवायला काय हरकत आहे? आणि जांभ्याच्या गडग्यावर संध्याकाळी पाय सोडून बसण्याची हौस तर अजिबात नको. आपल्या सड्यांवर फुरशासारखे विषारी साप किती, हे ठाऊक आहे ना? अंधार पडायच्या आत उठायचं, आणि जाताना हातात बॅटरी. समुद्रावर अभ्यास होतो असं सांगणारे बरेच भेटतील. वारा पान टिकू देत नाही, उजेडाने डोळे मिटतात आणि लॅपटॉपवर खारा ओलावा बसतो. समुद्रावर फोटो होतात. ओहोटीला ओल्या वाळूवरून चालत उजळणी करायची असेल तर मात्र त्यासारखी जागा नाही.

येणारे-जाणारे बघतात म्हणून तू उठतेस, असंही लिहिलं आहेस. कुणी त्रास देत असेल तर ती वेगळी गोष्ट. ती सहन करायची नाही, कॉलेजच्या तक्रार समितीकडे जायचं. नुसतेच बघत असतील तर तिघीजणी मिळून रोज त्याच ठिकाणी, त्याच वेळी बसा. आठवड्याभरात बघण्यासारखं काही उरत नाही.

पावसाळ्याची तयारी वेगळी लागते. झेरॉक्सच्या नोट्स दमटपणाने एकमेकींना चिकटतात आणि जेलच्या पेनाची शाई फुटते. झिपच्या प्लास्टिक फाइली घे, बॉलपेन वापर, पुस्तकांच्या खणात कापराच्या वड्या ठेव. लाइट जाणारच आहे हे धरून चार्जिंगचा दिवा दुपारीच चार्जिंगला लाव.

आवाराबाहेरही जागा आहेत, आणि त्यासाठी खोलीच घ्यावी लागते असं नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं. कोकणात तर ही परंपरा त्याच्या कितीतरी आधीची. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. तालुक्याच्या गावात वाचनालय असतंच. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी सकाळी ज्येष्ठ मंडळी असतात, दुपारी सगळं मोकळं. वेगळी अभ्यासिका आहे का, वर्गणी किती, एवढं जाऊन विचार. हल्ली खासगी अभ्यासिकाही निघाल्या आहेत, महिन्याच्या भाड्याने खुर्ची, दिवा आणि प्लग मिळतो. परीक्षेच्या एका महिन्यापुरती घेतली तरी पूर्ण वर्षाच्या खोलीभाड्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडेल. एक सूचना : "गणपतीला घरी जाईन तेव्हा माळ्यावर बसून करेन" या भरवशावर काहीही ठेवू नकोस. चाकरमानी आलेल्या घरात आरत्या, भजनं, मोदक आणि भावंडं असतात. पुस्तकांची पिशवी जशी नेली तशी परत येते. शिमग्याचंही तेच.

आता खोली. खोलीभाडं हा त्यातला पहिला खर्च आहे, शेवटचा नव्हे. अनामत, लाइट बिल, सिलेंडर किंवा डबा, पावसातली ये-जा, आणि घरमालकाचे नियम, जे कधी कधी रेक्टरपेक्षा कडक निघतात. स्वयंपाक तुम्हीच करणार असाल तर रोजचे दीड-दोन तास गेले. वसतिगृहाची जागा सोडली की ती परत मिळेल का, हे कार्यालयात विचारून घे. मैत्रीण अभ्यासाला चांगली आहे की गप्पांना, याचाही खरा विचार कर. एका खोलीत दोघी म्हणजे बोलणारं माणूस कमी झालं असं नाही, फक्त ते आवडतं माणूस झालं.

खोली घेणं योग्य ठरेल अशाही परिस्थिती आहेत. खोलीतल्या मुलींशी बोलून काही झालं नाही, रेक्टरने लक्ष दिलं नाही, तुझी झोपच होत नाही, तब्येत बिघडते आहे, तर घे. त्यात लाज नाही आणि तो पराभवही नाही. पण त्या आधी हे दोन आठवडे आणि त्यानंतरची फेरपरीक्षा जाऊ दे. चौथ्या रकान्यात "बोलणं" आणि "लाइट" हेच शब्द पुन्हा पुन्हा आले असतील तर खोली मागायला तुझ्याकडे कारण आहे. "गणित अडलं" हेच जास्त आलं असेल तर खोलीतही ते अडणारच.

बाबांना आत्ताच फोन कर, मात्र पैशांसाठी नको. नापास झाल्याचं त्यांना माहीत आहे की नाही, हे पत्रातून कळत नाही. नसेल तर आधी ते सांग. खोलीच्या मागणीबरोबर ते कळलं तर त्यांना दोन्ही गोष्टी एकमेकींची सबब वाटतील. फेरपरीक्षा कधी आहे, तू काय करते आहेस, आणि खोलीचं दिवाळीनंतर ठरवणार आहेस, इतकं बोल. मुंबईत राहून मुलीला वसतिगृहात ठेवणाऱ्या बापाला जागेची अडचण समजावून सांगावी लागत नाही.

आणि उद्या-परवाच संख्याशास्त्राच्या सरांकडे किंवा एखाद्या पदव्युत्तर सीनियरकडे जा. जाताना "मला स्टॅट्स कळत नाही" असं सांगू नकोस, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. तीन गणितं घेऊन जा, एक प्रमाण विचलनाचं, एक टी-टेस्टचं, एक काय-स्क्वेअरचं. प्रत्येक गणित जिथपर्यंत येतं तिथपर्यंत सोडव आणि ज्या ओळीवर थांबलीस तिथे पेन्सिलने खूण कर. एन वजा एक का घेतात, तक्त्यातला कुठला आकडा बघायचा, गृहीतक नाकारायचं की नाही हे कशावरून ठरवायचं, बहुतेकांचं घोडं या तीनपैकी एका जागी अडतं. ती ओळ सरांना दाखव. समजलं की त्यांच्यासमोरच, तिथल्याच स्टुलावर बसून पुढचं गणित सोडव, खोलीवर जाऊन करते म्हणू नकोस.